व्हीलचेअर आली, पण बाथरूमच्या दारातून जाईना: घरातल्या बदलांसाठी पैसा कुठून उभा करायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान १,५०० रुपयांवरून २,५०० करायचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण ज्या घरात कोणाला लकवा मारला आहे, कोणाचा अपघातात कणा दुखावला आहे किंवा आजीचे गुडघे साथ देईनासे झाले आहेत, तिथे लगेच पुढचा प्रश्न येतो. दारातल्या तीन पायऱ्या, बाथरूमचा उंबरा, उकिडवं बसायचा संडास हे सगळं बदलायचं तर त्यासाठी सरकारकडून काही मिळतं का?

खरं उत्तर असं, की 'घरबदल अनुदान' नावाची सरळ योजना ना केंद्राकडे आहे ना राज्याकडे. मात्र हात अगदीच रिकामे राहत नाहीत. ही मदत लग्नातल्या आहेरासारखी येते. एकच मोठं पाकीट कोणी देत नाही, वेगवेगळ्या हातांनी लहान लहान पाकिटं येतात आणि कोणी काय दिलं याची वही घरातल्याच कोणीतरी ठेवावी लागते. त्या वहीची पानं कशी भरायची, ते नागपूरच्या संदर्भात सांगतो.

आधी टेप घ्या, मग अर्ज

पैशाआधी घरात नेमकं काय अडतंय ते मोजावं लागतं. बहुतेक कुटुंबं हे करत नाहीत आणि पुढे सगळं तिथेच फसतं.

बाथरूमचं दार घ्या. आपल्याकडे ही चौकट साधारण अडीच फुटांची असते. चौकटीची लाकडं वजा केली की मोकळी जागा सव्वीस-सत्तावीस इंच उरते. दार काटकोनात उघडून उभं राहिलं की त्याच्या जाडीचा आणखी इंचभर जातो. साधी व्हीलचेअर चाकांसकट पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि चाक ढकलणाऱ्या हाताची बोटं त्याच्या बाहेर असतात. म्हणजे कागदावर खुर्ची मावते, प्रत्यक्षात बोटं सोलून निघतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दारासाठी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट मोकळी जागा धरली आहे. चौकट फोडायची ऐपत नसेल तर दाराचं पान काढून सरकतं दार लावता येतं. तेवढ्यानेही इंचभर सुटतो.

दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या. माणूस आत पडला तर तो दाराच्या मागेच पडलेला असतो आणि आत उघडणारं दार मग ढकलता येत नाही. सुतार हे काम एका दिवसात करतो.

उताराचं, म्हणजे रॅम्पचं गणित १:१२ असं आहे. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार हवा. महाल, इतवारीच्या जुन्या घरांचं जोतं दीड फूट असेल तर अठरा फूट झाले. तेवढी जागा दारात नसते, म्हणून मिस्त्री सहा फुटांतच उतार काढून देतो. त्या उतारावरून खुर्ची वर नेणारा घामाघूम होतो आणि खाली येताना हात सुटला की संपलं. अशा वेळी उतार घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून वळवून घ्या, नाहीतर मागच्या दाराचा विचार करा. रस्त्यावर किंवा नालीवर पक्का रॅम्प बांधलात तर ते अतिक्रमण ठरू शकतं, हेही ध्यानात असू द्या. उलट सिमेंटचे रस्ते झाल्यावर काही वस्त्यांत रस्ताच घरापेक्षा वर गेला आहे. तिथे उतार घराकडे येतो आणि त्यावरून पावसाचं पाणीही आत येतं. दारासमोर आडवी जाळीची नाली टाकल्याशिवाय तिथे रॅम्प करू नका.

नागपूरची आणखी एक गोष्ट कुठल्याच सरकारी पुस्तिकेत सापडायची नाही, ती म्हणजे कूलर. मार्च लागला की तो खिडकीपाशी किंवा दारातच बसतो, अर्धी वाट अडवतो, त्याची वायर आडवी पडते आणि ठिबकणारं पाणी गुळगुळीत टाइल्सवर पसरतं. वॉकर घेऊन चालणाऱ्यासाठी ही घरातली सगळ्यात धोक्याची जागा. कूलर बाहेरच्या बाजूला लोखंडी स्टँडवर घ्या आणि पाण्याचा पाइप थेट नालीत सोडा. अंगणातला आधाराचा दांडा उघड्या स्टीलचा नको. मे महिन्यात दुपारी त्याला हात लावता येत नाही. त्यावर प्लास्टिकचं वेष्टण हवं किंवा दांडा लाकडी हवा.

"आमच्यात कोणी अपंग नाही जी, फक्त बाबांना चालता येत नाही"

हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि इथेच मदतीचं पहिलं दार बंद होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. जन्मापासूनचं अपंगत्व हा त्यातला एक भाग झाला. लकव्यानंतर हातपाय न चालणं, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस हेही त्यात बसतं. साठीनंतर आलेलं दिव्यांगत्वही दिव्यांगत्वच असतं. कार्ड घेतलं म्हणून बाबांचा मान कमी होत नाही.

हे कार्ड म्हणजे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, रुग्णालय निवडायचं आणि तपासणीला जायचं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं त्यासाठीची नेहमीची ठिकाणं. तपासणीनंतर टक्केवारी ठरते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत 'बेंचमार्क दिव्यांगत्व'. बहुतेक योजनांचा उंबरा हाच. कार्डाचा रंगही टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. लकव्यानंतर डॉक्टर लगेच कायमचं प्रमाणपत्र देत नाहीत. सुधारणा किती होते ते बघायला काही महिने थांबतात. हा काळ वाया घालवू नका. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं तेवढ्यात तयार करून ठेवा.

साधनांसाठी मदत आहे, आणि ती मागायला सोपी आहे

घर बदलायचा निम्मा प्रश्न वस्तूंनी सुटतो. कमोड खुर्ची मिळाली तर संडास फोडायची घाई राहत नाही.

केंद्राची एडिप योजना व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, कुबड्या, कृत्रिम अवयव अशी साधनं देते. व्यक्तीचं (ती अवलंबून असेल तर तिच्या आई-वडिलांचं किंवा पालकाचं) महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. साधनं मुख्यतः कानपूरच्या एलिम्को या सरकारी कारखान्याची असतात आणि शिबिरांतून वाटली जातात. शिबिरात मोजमाप एका दिवशी होतं आणि वाटप नंतर होतं. मोजमापाच्या वेळी घरच्या दाराची रुंदी खिशात लिहून न्या आणि अरुंद खुर्ची मिळते का ते तिथेच विचारा. नागपूरच्या समेकित क्षेत्रीय केंद्रातही, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांग पुनर्वसन केंद्रातही, साधनांबद्दल सल्ला मिळू शकतो.

टक्केवारी ४० च्या खाली आहे किंवा कार्डच नाही, पण वयामुळे हालचाल थांबली आहे, अशांसाठी दोन वयोश्री आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. ती साठीपुढच्या गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची अशा वस्तू देते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या पासष्टीपुढच्या ज्येष्ठांच्या खात्यात ती एकदाच ३,००० रुपये थेट जमा करते. त्या पैशांतून कमोड खुर्ची, फोल्डिंग वॉकर, नी-ब्रेस अशा गोष्टी घ्यायच्या आणि खरेदीचं बिल सादर करायचं. तीन हजारांत बाथरूम होत नाही हे मान्य. पण साधी कमोड खुर्ची येते, आणि रात्री दोनदा उठून पडण्याच्या भीतीतून एक माणूस सुटतो. मला ही रक्कम लहान वाटत नाही.

सिमेंट-विटांचा पैसा: पाच टक्के निधी

आता अवघड भाग. उतार, दार, संडास हे बांधकाम आहे आणि वरच्या योजना त्याला हात लावत नाहीत. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे. त्यात साधनं, पेन्शन आणि जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता यांची नावं घेतली आहेत. घरातल्या बदलांचं नाव नाही. माझ्या मते ही कायद्यातली खरी उणीव आहे.

तरी एक खिडकी उघडी आहे. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचे आहेत. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होतं, ते वाढवून पाच केलं. हा तुमच्या-आमच्या घरपट्टीचाच पैसा. बहुतेक ठिकाणी तो निर्वाह भत्ता, साधनं, स्वयंरोजगार अशा गोष्टींवर जातो, कारण अर्ज त्याचेच येतात. घरातला रॅम्प किंवा बाथरूम यासाठी लेखी मागणीच झाली नाही तर पुढच्या अंदाजपत्रकात त्याचा रकाना कुठून येणार? म्हणून मागणी करा. शहरात राहत असाल तर महापालिकेचा समाजविकास विभाग किंवा तुमचं झोन कार्यालय, कामठी-हिंगणा-उमरेडकडच्या गावांत असाल तर ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग. पहिल्याच अर्जाला होकार येईल असं मी सांगणार नाही. पण नियमात बसणारी जागा हीच आहे.

घरकुलाचं तंत्र वेगळं. पंतप्रधान आवास योजनेतून शहरात स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख मिळतात, मात्र ते नव्या घरासाठी. तुमचं घर त्यातूनच होणार असेल तर नकाशा काढतानाच तीन फुटी दार आणि उंबरा नसलेलं बाथरूम मागा. तेव्हा त्याचा वेगळा खर्च जवळजवळ येत नाही, नंतर फोडायला मात्र येतो. इमारतीत सदनिका मिळणार असेल तर दिव्यांग आणि ज्येष्ठांच्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम ३७ नुसार सरकारी घरवाटपात पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य. म्हाडाचा अर्ज भरताना तो रकाना मोकळा सोडू नका.

खासदार निधीबद्दल अनेकजण विचारतात. त्यातून दिव्यांगांना तीनचाकी घेऊन देता येते, पण खासगी मालमत्तेवर काम करता येत नाही. त्यामुळे घरातल्या रॅम्पसाठी तिकडे चकरा मारू नका.

नोकरदार घरांचं काय?

उत्पन्नाच्या मर्यादेने बाद होणारी कुटुंबं खूप आहेत. त्यांच्या वहीत वेगळी पानं आहेत.

पहिलं पान आयकराचं. घरात अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल, म्हणजे पती-पत्नी, मुलं, आई-वडील किंवा भावंडं, तर कलम ८०डीडी खाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. उपचार किंवा पुनर्वसनावर खर्च केलेला असला पाहिजे, पण वजावटीची रक्कम ठरलेली असते, बिलांची बेरीज कितीही असो. स्वतः करदाताच दिव्यांग असेल तर तेवढीच वजावट कलम ८०यू खाली. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून १,२५,००० ची वजावट म्हणजे २६,००० रुपयांचा कर वाचला, आणि तो दर वर्षी. अट अशी, की ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत आधीच कर लागत नसेल तर तिचा उपयोग नाही. दोन्ही हिशेब मांडूनच प्रणाली निवडा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, सीएला हे नावानिशी विचारा.

दुसरं पान पीएफचं. पीएफच्या मूळ योजनेत दिव्यांग सभासदाला त्याची अडचण कमी करणारी उपकरणं घ्यायला आगाऊ रक्कम काढायची सोय आहे, परिच्छेद ६८एन. ती फारशी कोणाला माहीत नाही. घरातल्या फेरफारांसाठीही वेगळी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढायच्या तेरा तरतुदी तीन गटांत आणायचा निर्णय घेतला. घर हा त्यातला एक गट. म्हणून अर्ज करताना 'घर' आणि 'दिव्यांगत्व' ही दोन्ही कारणं तपासून बघा.

तिसरं पान विम्याचं. दिव्यांगत्व अपघाताने आलं असेल तर जुनी वैयक्तिक अपघात पॉलिसी शोधून काढा. काही पॉलिसींमध्ये कायमचं अपंगत्व आल्यास घर किंवा वाहनात बदल करायचा खर्च देण्याचं कलम असतं, आणि घरच्यांना ते माहीतच नसतं. मोटार अपघाताचा दावा चालू असेल तर मिस्त्रीचं अंदाजपत्रक वकिलाकडे द्या. भरपाईत पुढचा उपचार आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च मागतात, त्यासोबत घरातल्या बदलांचाही मागायला सांगा.

कर्ज शेवटी. दुरुस्तीसाठी गृहकर्ज घेतलं तर राहत्या घरासाठी व्याजावर जुन्या प्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट आहे. घर घेताना मिळते तशी दोन लाखांची नाही.

"पण घर भाड्याचं आहे"

मग फोडाफोडी न करता होणारी कामं आधी. उचलून ठेवता येणारा लोखंडी उतार, कमोड खुर्ची, पलंगाखाली ठोकळे घालून वाढवलेली उंची, न घसरणारी चटई, अंधारात लागणारा छोटा दिवा. भिंतीत आधाराचा दांडा बसवायचा तर घरमालकाशी एका कागदावर लिहून घ्या, की घर सोडताना छिद्रं बुजवून देऊ. बहुतेक मालकांना भीती टाइल्स फुटायची असते. ही एक ओळ लिहून दिली की ते तयार होतात. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे मात्र घेऊ नका. माणसाचा सगळा भार त्यांच्यावर आला की ते निघून येतात.

"सोसायटी नाही म्हणते"

फ्लॅटच्या आतली साधी दुरुस्ती तुमची तुम्ही करू शकता, पण बांधकामात बदल किंवा वाढ करायची तर समितीची लेखी परवानगी आधी घ्या. अडचण येते ती सामाईक जिन्यात आणि लिफ्टपाशी. 'इमारतीचा लूक जातो', 'उद्या सगळेच मागतील' असं ऐकवलं जातं. अर्ज लेखी द्या, सोबत साधा नकाशा जोडा, खर्च कोण करणार ते लिहा आणि सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायला लावा. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम ३ दिव्यांगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं. अर्जात त्याचा उल्लेख करा, पण सुरुवात भांडणाने करू नका. त्याच जिन्यात आणखी चार ज्येष्ठ असतात. त्यांची सही आली की तो एका घराचा हट्ट राहत नाही. तरीही अडवलं तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

"खासगी घरावर सरकारने का खर्च करावा?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे. इंग्लंडमध्ये यासाठी १९९६ च्या कायद्याने अनुदान आहे. स्थानिक परिषद ३०,००० पाउंडांपर्यंत देते, प्रौढांची उत्पन्न-तपासणी होते, मुलांसाठी होत नाही, आणि अर्जावर सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यामागचा विचार सरळ हिशेबाचा आहे. घरात पडून खुबा मोडलेल्या माणसाला महिनाभर रुग्णालयात ठेवण्यापेक्षा दोन दांडे आणि एक उतार स्वस्त पडतो. आपल्याकडेही रुग्णालयाचा खर्च सरकारी योजनांतून होतोच. आणि ज्या घरात वडिलांना उचलून संडासला न्यावं लागतं, तिथे सून किंवा मुलगी नोकरी सोडून घरी बसते. तिचा बुडालेला पगार कुठल्याच सरकारी आकड्यात धरला जात नाही.

अर्जात काय लिहायचं

'रॅम्पसाठी मदत मिळावी' एवढ्यावर थांबू नका. बाबूंना फाइल पुढे ढकलता येईल असं काहीतरी हातात द्या. नमुना असा: "माझे वडील, वय ७१, दिव्यांगत्व ६५ टक्के, यूडीआयडी सोबत. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी २६ इंच, उंबरा ५ इंच. दार तीन फूट करणे, उंबरा काढून उतार देणे, दोन आधारदांडे बसवणे या कामाचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. दिव्यांगांसाठीच्या राखीव पाच टक्के निधीतून ही रक्कम मंजूर करावी." सोबत दोन फोटो हवेत, एक टेप लावलेल्या दाराचा आणि एक उंबऱ्याचा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी हा निधी किती राखला, किती खर्च झाला, आणि घरातल्या सुगम्यतेसाठी किती अर्ज आले. माहिती ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे. ते उत्तर हातात घेऊन अंदाजपत्रक ठरण्याआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा, आणि गल्लीत असेच अडकलेले आणखी कोणी असतील तर त्यांचेही अर्ज सोबत घेऊन जा.